उपास नव्हे, उपाशी: ‘आतल्या सोनोग्राफी’वरच्या त्या मेसेजला उत्तर

महिन्याभरात तो मेसेज मला चार वेळा आला. दोनदा माहेरच्या ग्रुपवर, एकदा सोसायटीच्या, आणि चौथ्यांदा पेशंटच्या मुलाने ॲडमिशनच्या टेबलाशी उभं राहून स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. “सिस्टर, हे वाचा आणि मग सांगा, वडिलांना आत पाठवू का नको.” वडील व्हीलचेअरवर, हाताला सुई लावलेली, डोळे पिवळेधमक.

मेसेज असा आहे: “सावधान! साध्या सोनोग्राफीत शंका दाखवून आता दुर्बिणीतून सोनोग्राफी करायला लावतात, तिला ईयूएस म्हणतात. एकच सोनोग्राफी दोनदा, पैसे दहापट. सीटी-एमआरआय असताना हिची गरजच नाही. हिच्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन माणसं दगावतात. गाठीला सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. भूल देतात, त्यातून म्हातारी माणसं उठत नाहीत. करायचीच असेल तर चार दिवस आधीपासून रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा, आदल्या रात्री एरंडेल घ्या, उपास करा, सकाळी फक्त चहा. आपल्या माणसांपर्यंत पोचवा.”

मी डॉक्टर नाही. एंडोस्कोपीच्या खोलीत सोळा वर्षं सिस्टर आहे. कोणाला ही तपासणी लागते हे ठरवणं माझं काम नाही, पण ती होताना काय होतं आणि कशामुळे बिघडते हे रोज बघते. म्हणून एकेक वाक्य घेते.

“एकच सोनोग्राफी दोनदा.” तुमच्या घरातल्या फायलीतला सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट काढा. लिव्हर, गॉल ब्लॅडर, किडनी सगळ्यांची मापं असतील आणि मध्येच एक ओळ असेल: ‘पॅनक्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’. म्हणजे आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड दिसलं नाही. ही ओळ इतकी नेहमीची आहे की ती कोणी वाचतच नाही. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पुढे जात नाहीत. पोटावर ते गार जेल लावतात ते याचसाठी, कातडी आणि प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो यंत्राचा भाग, यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. बाहेरची हवा जेलने घालवता येते, आतड्यातली कशी घालवणार? आणि स्वादुपिंड बसलंय जठराच्या मागे, पार पाठीच्या कण्यापाशी. पित्तनलिकेचं खालचं टोकही तिथेच, ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, मागे दडलेलं. पित्ताचा खडा अडकतो तो बहुतेक नेमका त्या टोकाशी.

ईयूएसमध्ये तोच प्रोब दुर्बिणीच्या टोकाला बसवून तोंडावाटे जठरात आणि तिथून ड्युओडेनममध्ये नेतात. आता प्रोब आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये उरते जठराची भिंत, काही मिलिमीटरची. टोकावर एक छोटा फुगा असतो, त्यात पाणी भरतात, म्हणजे तिथेही हवा आड येत नाही. (फुगा बहुधा रबराचा असतो. कोणाला रबराची, लेटेक्सची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगायची ती याच्यासाठी.) अंतर कमी झालं की जास्त फ्रिक्वेन्सी वापरता येते. पोटावरून साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्‌झ, आतून ५ पासून २० पर्यंत. फ्रिक्वेन्सी वाढली की लहरी फार खोल जात नाहीत, पण जवळचं बारीक दिसतं. दोन-तीन मिलिमीटरचा खडासुद्धा पडद्यावर पांढरा ठिपका होऊन उमटतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. दूरच्या गच्चीवरून रस्त्यावरची पाटी वाचणं आणि पाटीखाली उभं राहून वाचणं यात जेवढा फरक, तेवढा. हे काही काल-परवाचं फॅडही नाही. १९८० मध्ये या दुर्बिणींचे पहिले वृत्तांत प्रसिद्ध झाले आणि १९९२ मध्ये डेन्मार्कमध्ये पीटर व्हिलमन आणि सहकाऱ्यांनी याच वाटेने स्वादुपिंडातून सुईने नमुना काढल्याचं लिहिलं.

पैशांचं म्हणाल तर तपासणी महाग आहे, खोटं कशाला बोलू. दुर्बीण महाग, भूलतज्ज्ञ वेगळे, सुई एकदाच वापरायची आणि तीही महाग. आधी लेखी अंदाज मागा, सुई लागली तर किती आणि नाही लागली तर किती, असे दोन्ही आकडे मागा. हा तुमचा हक्क आहे. पण ‘महाग’ आणि ‘तीच ती’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

“सीटी-एमआरआय असताना गरजच नाही.” या वाक्यात अर्धं खरं आहे. पित्तनलिकेतल्या खड्यांपुरतं बोलायचं तर २०१५ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने, जगभरचे अभ्यास एकत्र करून आकडे काढले. खडा खरोखर असलेल्या १०० जणांपैकी साध्या सोनोग्राफीने सुमारे ७३ जणांत पकडला, एमआरसीपीने, म्हणजे पित्तमार्गाच्या एमआरआयने, ९३ जणांत, आणि ईयूएसने ९५. शेवटचे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत. तेव्हा तुमच्या गावात चांगला एमआरआय असेल आणि प्रश्न फक्त खड्याचा असेल तर “एमआरसीपीवर भागेल का?” हे विचारायला काहीच हरकत नाही. कितीदा भागतं. पण अगदी बारीक खडे एमआरआयला निसटतात, काही पेसमेकर असतील तर मशीनमध्ये जाता येत नाही, काहींना त्या बोगद्यात गुदमरायला होतं. उलटही आहे: सोनोग्राफीतच नळीत खडा स्वच्छ दिसला असेल, ताप-थंडी-कावीळ असेल, तर मध्ये ईयूएस न करता थेट खडा काढायला नेतात. ईयूएस आहे मधल्या लोकांसाठी. ज्यांच्याबाबत शंका रास्त आहे, पण खात्री नाही.

गाठीचं वेगळं. स्वादुपिंडातली दोन सेंटिमीटरहून लहान गाठ सीटीत हुकू शकते आणि ती पकडण्यात ईयूएस सरस आहे. पण रोग यकृतात, फुप्फुसात, लांब कुठे गेला आहे का, हे पाहायला सीटीच लागतो. आतल्या प्रोबची नजर जवळची. यकृताचा उजवा भाग तर त्याला नीट दिसतच नाही. त्यामुळे दोन्ही तपासण्या लिहून दिल्या म्हणून लगेच कोणाला लुटारू ठरवू नका.

“स्वादुपिंडाला सूज येऊन माणसं दगावतात.” हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मेसेज लिहिणाऱ्याने ईआरसीपी आणि ईयूएस यांची गल्लत केली आहे, आणि त्याला दोष द्यायलाही मन होत नाही, कारण खोली तीच, डॉक्टर तेच, टेबल तेच, लांबून दुर्बीणही तशीच. आमच्याकडे नातेवाईक रोज दोन्हींत गोंधळतात. ईआरसीपीत पित्तनलिकेच्या तोंडातून आत तार घालतात, डाय सोडतात, नळीचं तोंड कापून खडा ओढतात. तो उपचार आहे, आणि त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचं प्रमाण शंभरात तीनपासून दहापर्यंत सांगितलं जातं. ईयूएस नुसती बघण्यापुरती असेल तर त्या नळीला हातही लागत नाही. खरं तर ईयूएसचा एक मोठा फायदा हाच: नळीत खडा नाही हे आधी कळलं तर ईआरसीपी टळते आणि तिच्यासोबतची सुजेची भीतीही. तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यावर कोणतं नाव आहे ते वाचा. कधी दोन्ही नावं असतात, “खडा दिसला तर त्याच भुलेत काढू” म्हणून. तसं असेल तर दोन्हींचे धोके विचारा.

आता सुई. इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण टेबलावरून लोक उठून गेलेले मी बघितलेत ते याच वाक्यामुळे.

गाठ किंवा मोठी झालेली लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) दिसली तर त्याच दुर्बिणीतून एक लांब, बारीक सुई पुढे सरकवतात. १९, २२ किंवा २५ गेजची. रक्त काढायची सुई साधारण त्याच जाडीची असते. पडद्यावर सुई चकाकणारी रेघ होऊन गाठीत शिरताना दिसते, वाटेत रक्तवाहिनी असेल तर ती डॉप्लरवर, म्हणजे सोनोग्राफीच्याच रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोयीवर, रंगीत दिसते आणि तिला चुकवतात. गाठीत सुई पुढे-मागे हलवतात, असं बहुधा दोन-तीनदा, की झालं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, जवळपास ११ हजार पेशंटांमध्ये, सुईमुळे काही ना काही त्रास झालेले शंभरात एकाहून थोडे कमीच होते. रक्तस्राव, ताप, स्वादुपिंडाची सूज, सगळं धरून.

कॅन्सर पसरतो का? सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. “असं कधीच होत नाही” असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर तेही खरं नाही. पण प्रमाण शंभरात एकाहून कमी, आणि स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या गाठीत तर ड्युओडेनममधून गेलेली सुईची वाट ऑपरेशनमध्ये गाठीसोबतच कापून बाहेर येते. शेपटाकडच्या गाठीत सुई जठरातून जाते आणि जठर मागे राहतं, म्हणून तिथे सर्जन जास्त विचार करतात. गाठ सरळ काढता येण्याजोगी आहे, पेशंट धडधाकट आहे, सीटीचं चित्र स्पष्ट आहे, अशा वेळी सुई न लावताच ऑपरेशनला नेण्याची पद्धतही आहे. आणखी एक जागा: यकृताच्या उंबऱ्याशी, जिथे पित्तनलिका दुभंगते तिथला कॅन्सर. त्यावर यकृत प्रत्यारोपणाचा विचार होणार असेल तर मूळ गाठीला सुई लावलीच जात नाही, लावली तर काही केंद्रं प्रत्यारोपण नाकारतात. म्हणजे मेसेजमधली भीती हवेतून आलेली नाही. एका कोपऱ्यातली खरी गोष्ट उचलून सगळ्या पोटावर पसरवली, एवढंच.

आणि सुई न लावण्याची किंमत? केमो द्यायचा तर आधी पेशींचा पुरावा लागतो, नुसत्या चित्रावर केमो देत नाहीत. शिवाय आपल्या मुलखात गाठ म्हणजे कॅन्सरच असं कुठे आहे? छातीतल्या, पोटातल्या वाढलेल्या नोड्समध्ये टीबी निघतो. स्वादुपिंडाची एक सूज अशी असते की सीटीत हुबेहूब कॅन्सर दिसते आणि ती स्टिरॉईडच्या गोळ्यांनी उतरते. हा फरक दाखवते ती सुईच.

एक बारकावा, जो मेसेजवाल्याला ठाऊकच नाही आणि जिथे घरच्यांचं खरोखर काम असतं. सुईतून आलेला तुकडा दोन बाटल्यांत जातो. एकीत फॉर्मालिन, ती पॅथॉलॉजीला. दुसरीत साधं सलाईन, ती टीबीच्या सीबीनॅट (जंतूचे जनुक शोधणारी चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला). फॉर्मालिनमध्ये टीबीचा जंतू मरतो, मग कल्चरला काही उगवत नाही. बऱ्याच ठिकाणी या बाटल्या नातेवाइकाच्या हातात देऊन बाहेरच्या लॅबला पाठवतात. बाटलीवरचं नाव, कोणती कुठे जायची, हे तिथेच उभं राहून वाचून घ्या. मुलगा बाटली खिशात घालून आधी जेवायला गेला, असंही झालंय. आणि रिपोर्टमध्ये पेशी सापडल्या नाहीत असं आलं तर त्याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही. शंका दाट असेल तर सुई पुन्हा लावावी लागते.

भुलेचं मी दोन ओळींत आटोपते. ही दुर्बीण साध्या एंडोस्कोपीपेक्षा जाड, वेळ अर्धा ते एक तास, म्हणून गुंगीचं औषध शिरेतून देतात. श्वास बहुतेक वेळा पेशंट स्वतःच घेतो, बोटाला ऑक्सिजनची क्लिप असते. ती नीट चालावी म्हणून नेलपॉलिश पुसून या, कवळी काढून रुमालात गुंडाळून घरच्यांकडे द्या. वय हा धोका आहेच, पण त्याहून मोठा धोका म्हणजे लपवलेला दमा, लपवलेलं घोरणं, लपवलेली दारू. भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा सुनेसमोर लाज वाटत असेल तर सुनेला बाहेर पाठवा, पण खरं सांगा.

आणि आता मेसेजचा शेवट, तो ‘उपाय’वाला. भीती घालणाऱ्या ओळींनी कोणाचं शारीरिक नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. या ओळींनी झालेलं पाहिलंय.

“उपास करा.” दोन वर्षांपूर्वी एक काकू आल्या, साठीच्या. मी विचारलं, काही खाल्लं नाही ना? “नाही गं, कालपासून उपास आहे.” मला का कोण जाणे, शंका आली. उपासाला काय घेतलं? “काही विशेष नाही. पहाटे वाटीभर साबुदाण्याची खिचडी. आणि दाण्याचा लाडू, अर्धाच.” एकादशी आणि दुप्पट खाशी! चूक त्यांची नव्हती. फोनवर आमच्याकडूनच कोणीतरी ‘उपास ठेवा’ म्हणालं होतं आणि त्यांनी आयुष्यभर जो उपास केला तोच केला. नंबर दुपारी ढकलता आला नाही, त्या परत गेल्या. तेव्हापासून मी ‘उपास’ हा शब्दच वापरत नाही. उपाशी. पोट रिकामं. जेवण, नाश्ता, फळ, बिस्किट निदान सहा तास आधी बंद, तेलकट-तुपकट जड जेवण असेल तर आठ तास. कारण भुलेत घशाची राखण सुटते. पोटात काही असेल तर ते उलटून श्वासनलिकेत जातं, आणि माणूस खरोखर उठत नाही तो अशा वेळी.

“सकाळी फक्त चहा.” आपल्याकडे चहाला कोणी खाण्यात धरत नाही. “काही घेतलं नाही, चहा सोडून,” हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकते. पण आपल्या चहात दूध असतं, आणि दूध पोटात गेलं की त्याचं दही होतं. भूलतज्ज्ञांच्या हिशेबात दूध म्हणजे अन्न, सहा तास. नुसतं पाणी मात्र साधारण दोन तास आधीपर्यंत घोट-घोट चालतं, तुमच्या हॉस्पिटलने वेगळं सांगितलं नसेल तर. उलट काही जण आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि सुकून येतात, मग शीर सापडत नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा, पान हेही सकाळी नको. मिश्री लावून आलेल्या आजी “ते काय खाणं आहे होय?” म्हणून माझ्यावरच चिडतात.

“एरंडेल घ्या.” कशाला? वरून होणाऱ्या ईयूएसला आतडं साफ करावं लागत नाही. जठर रिकामं हवं, ते उपाशी राहून होतं. रात्रभर जुलाब होऊन सकाळी बीपी पडलेला पेशंट कोणाला हवाय? खालून, गुदमार्गाने तपासणी असेल तर एनिमा देतात, तो आम्ही देतो. घट्ट पांढरं-गुलाबी अँटासिडही त्या सकाळी पिऊ नका, त्याचा थर आत बसतो.

“रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा.” या एका ओळीसाठी हा सगळा लेख लिहायला बसले. हृदयात स्टेंट बसलेल्या एका गृहस्थांनी मेसेज वाचून सगळ्याच गोळ्या चार दिवस बंद केल्या होत्या, कोणालाही न विचारता. छातीत दुखायला लागलं ते घरीच. आमच्या टेबलापर्यंत ते पोचलेच नाहीत, आधी हृदयाच्या वॉर्डात गेले. ते वाचले. नवा स्टेंट बंद पडला तर सगळे वाचत नाहीत.

नियम गोळीगणिक वेगळे आहेत. नुसतं बघायचं असेल, सुई नसेल, तर यातलं बहुतेक काही थांबवायची गरज पडत नाही. सुई लागणार असेल तरी ॲस्पिरिन, म्हणजे आपलं एकोस्प्रिन, साधारण चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवतात, तेही हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावर. आणि गंमत अशी की बऱ्याच जणांची ही दोन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये असतात. ती बंद केली की दोन्ही बंद. मग ॲस्पिरिन सुटं लिहून घ्यावं लागतं. वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी, एसिट्रोम त्याहून थोडं कमी, रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या दोन-तीन दिवस, किडनी कशी आहे त्यावर. हृदयात कृत्रिम झडप असेल तर गोळी बंद असताना मध्ये रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन लागेल का, हे वेगळं ठरतं. ‘चार दिवस’ हा आकडा यांतल्या कोणालाच नीट लागू पडत नाही.

बीपीच्या गोळ्यांचं बहुतेक उलट असतं: त्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या. लोक त्याच नेमक्या चुकवतात आणि टेबलावर बीपी १९० होतो. डायबेटीसची सकाळची गोळी मात्र रिकाम्या पोटी नको, इन्सुलिन किती कमी करायचं ते विचारून. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या आजकाल घरोघर आहेत, त्या तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल साठतं आणि साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. वजन-साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, त्याने जठर हळू रिकामं होतं. आणि डायबेटीस असेल तर नंबर सकाळी पहिला मागून घ्या.

हे सगळं तोंडी आठवत नाही कोणाला. पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टाकून आणा. कागदापेक्षा मला पट्ट्या आवडतात, कागदावर तीन डॉक्टरांची तीन अक्षरं असतात.

त्या पिवळ्या डोळ्यांच्या बाबांचं सांगायचं राहिलं. मुलाला मी यातलं निम्मंच सांगितलं, तेवढा वेळ नव्हता. डॉक्टर बाहेर येऊन त्याच्याशी पाच मिनिटं बोलले, मग त्याने सही केली. पित्तनलिकेच्या टोकाशी खडा होता, साधारण चार मिलिमीटरचा, दोन सोनोग्राफ्यांत न दिसलेला. दुसऱ्या दिवशी काढला. ईयूएसच्या दिवशी मात्र शुद्धीवर आल्या आल्या बाबांनी आधी चहा मागितला. घशात बधिर करायचा स्प्रे मारलेला असतो, तो उतरेपर्यंत गिळलेलं कुठे जातंय हे माणसाला कळत नाही. तासाभराने मी चमच्याने पाणी पाजलं, ठसका लागला नाही. मग कॅन्टीनचा चहा आला. घसा एक-दोन दिवस खवखवेल, पोट फुगल्यासारखं वाटेल, चोवीस तास गाडी चालवायची नाही, बँकेच्या कागदावर सही करायची नाही, एवढं मुलाला लिहून दिलं. आणि खाली ठळक: जोरात पोटदुखी, ताप, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर सकाळची वाट न बघता यायचं. त्याने कागदाचा फोटो काढला आणि विचारलं, “हा ग्रुपवर टाकला तर चालेल का?”